घरात पक्षी असेल तर स्वयंपाकाची भांडी कुठली घ्यावीत?

हिरवीपिसं
नमस्कार मंडळी. बहिणीची लांब बदली झालीये आणि तिचा कॉकाटील आता कायमचा आमच्याकडे येतोय. तिने सूचनांची भलीमोठी यादी पाठवलीये, त्यात दाणे, पाणी, झोप हे सगळं नंतर, पहिलीच ओळ अशी की "घरातलं सगळं नॉनस्टिक आधी बाहेर काढ, मगच पिंजरा आत येईल." मला वाटलं हिचं नेहमीचं जास्तीचं असणार, पण जरा शोधायला बसले तर घाबरायलाच झालं. आमचं स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच आहे, मधे ना भिंत ना दार, त्यामुळे पिंजरा कुठेही ठेवला तरी शेगडीपासून फार लांब जात नाही.

तर प्रश्न असे. नॉनस्टिक मंद आचेवरच वापरलं तर चालेल का? माझ्या पॅनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "पीएफओए फ्री" लिहिलंय, म्हणजे ते सेफ धरायचं ना? सिरॅमिक, ग्रॅनाइट, हार्ड ॲनोडाइज्ड यांत नक्की काय असतं? आणि हे सगळं काढलं तर अंडं कशात करायचं, कारण स्टीलच्या पॅनशी माझं आजवर कधी जमलेलं नाही.

बजीवाली_मावशी
बहीण शंभर टक्के बरोबर आहे, यात जास्तीचं काही नाही. नॉनस्टिकवर जो थर असतो तो पीटीएफईचा, टेफ्लॉन हे त्याचंच एक ब्रँडचं नाव. तो जास्त तापला की त्यातून जे वायू आणि बारीक कण निघतात ते पक्ष्याच्या फुप्फुसाला सहन होत नाहीत. बजी, लव्हबर्डसारखे छोटे पक्षी तर काही मिनिटांत जातात. आमच्याकडे पक्षी आल्यापासून स्टील आणि बीड, बाकी काही नाही.

सरळमार्गी
मला हे प्रकरण जरा फुगवलेलं वाटतं. आमच्या घरी पोपट आहे, नॉनस्टिकही आहे, दोघेही वर्षानुवर्षं सुखात आहेत. कुठल्याही गोष्टीची भीती घालायची आणि नवीन भांडी खपवायची असा धंदा झालाय. आच बेताची ठेवा, एक्झॉस्ट लावा, विषय संपला.

रसायनवाला
सरळमार्गी, तुमच्याकडे काही झालं नाही याचं कारण सांगतो, त्यात नशीब नाही, पाणी आहे. भाजी, रस्सा, अंडं, काहीही घ्या, पॅनमधल्या पदार्थात पाणी असतं आणि ते उकळत असेपर्यंत तळाचं तापमान फार वर चढू शकत नाही. पीटीएफईसाठी वापराची मर्यादा साधारण २६० अंश सेल्सिअस धरतात आणि ते वितळतं ३२७ ला. रोजचा स्वयंपाक या आकड्यांच्या बराच खाली होतो, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही.

पण तोच पॅन रिकामा, मोठ्या आचेवर, आणि तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं किंवा फोन आला, तर २६० पार व्हायला काही मिनिटं पुरतात. इंडक्शनवर तर अजूनच भराभर. आणि खरी गोम इथे आहे, तेल जळायला लागलं तर धूर दिसतो, वास येतो, आपण धावत जातो. बहुतेक रिफाइंड तेलं २०० च्या पुढे कुठेतरी धुरकटतात म्हणजे ते आपल्याला आधीच ओरडून सांगतात. रिकामा नॉनस्टिक पॅन काहीच सांगत नाही, डोळ्याला दिसेल असा धूर नसताना आणि नाकाला कळेल असा वास नसतानाही पक्ष्याला पुरेल इतकं हवेत गेलेलं असू शकतं. तुम्हाला कळतं ते पक्षी दांडीवरून खाली पडल्यावर.

मंद आचेवर चालेल का, याचं उत्तर असं की मंद आच हा नियम घरातल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक दिवशी, झोपेत असतानाही पाळावा लागेल. मला नाही वाटत कुठल्या घरात ते जमतं.

हिरवीपिसं
बाप रे. आणि मग आपल्याला माणसांना काहीच होत नाही का?

रसायनवाला
होतं की. त्याला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात, १९५१ पासून वैद्यकीय लिखाणात नोंद आहे. थंडी वाजते, ताप, छाती आवळल्यासारखी, अंग मोडून येतं, फ्लूच वाटतो आणि बहुतेक वेळा एकदोन दिवसांत उतरतो. कारखान्यातल्या कामगारांना व्हायचा कारण बोटांना लागलेली पूड सिगारेटला लागायची आणि सिगारेटचं पेटतं टोक म्हणजे छोटी भट्टीच की. म्हणजे वायू तोच, माणूस दोन दिवस झोपून उठतो आणि पक्षी उठत नाही.

अवांतर: पीटीएफई सापडलं तेच अपघाताने, १९३८ च्या एप्रिलमध्ये. रॉय प्लंकेट हे ड्युपाँट या रसायन कंपनीत फ्रिजच्या गॅसवर काम करत होते, एका सिलिंडरमधून गॅस येईना पण वजन तर भरल्याइतकंच, म्हणून सिलिंडर करवतीने कापला तर आत पांढरी मेणचट पूड. गॅसचं आपोआप पॉलिमर झालं होतं.

तुरेवाला
पक्ष्यालाच एवढं का होतं यावर थोडं लिहितो कारण हे समजलं की पुढची सगळी भांडी-चर्चा सोपी होते. आपण श्वास आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो, दरवेळी थोडी शिळी हवा आत उरतेच. पक्ष्याचं तसं नाही. फुप्फुसाच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, आत घेताना पण आणि सोडताना पण. एक घोट हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. वर रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा आपल्यापेक्षा खूप पातळ. उडायला ऑक्सिजन भरपूर लागतो म्हणून ही सगळी व्यवस्था, पण जी व्यवस्था ऑक्सिजन इतका झटपट ओढते ती विषही तसंच ओढते. खाणीत विषारी वायू आधी कळावा म्हणून कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी, ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत ती पद्धत चालू होती.

त्यामुळे "आम्हाला तर वास पण आला नाही" हे वाक्य पक्ष्याच्या बाबतीत बाद समजा.

सरळमार्गी
ठीक, पाण्याचा मुद्दा पटला. पण मग पीएफओए फ्री घेतलं की झालं ना? नवीन भांडी तर सगळी तशीच येतात.

रसायनवाला
नाही!! धाग्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा, पीएफओए आणि पीटीएफई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएफओए हे पीटीएफई बनवताना मदतीला वापरायचे ते रसायन. ते शरीरात आणि पाण्यात साठून राहतं म्हणून बंद करत आणलं, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत थांबवायचं कबूल केलं होतं आणि २०१९ ला घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातही ते घातलं. चांगलंच झालं. पण त्यामुळे फक्त बनवायची रीत बदलली, पॅनवरचा थर पीटीएफईच राहिला. पक्ष्याला मारतो तो हा थर तापल्यावर. म्हणजे "पीएफओए फ्री" हा शिक्का पक्ष्याच्या दृष्टीने कोरा कागद आहे.

दुकानात विचारायचा प्रश्न असा: यात पीटीएफई, पीएफए, एफईपी किंवा कुठलाही फ्लोरोपॉलिमर (म्हणजे फ्लोरिन असलेलं पीटीएफईच्याच जातीचं प्लास्टिक) आहे का? हो की नाही. "हेल्दी", "नॉन टॉक्सिक", "इको" असली उत्तरं आली तर भांडं परत फडताळात.

उलथनं
वाचनखूण साठवली. मी भांड्यांच्या व्यवसायात होतो बरीच वर्षं, नावांचा घोळ जरा सोडवतो.

ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन: दगड नसतो हो त्यात. ॲल्युमिनियमचा पॅन, वर ठिपक्याठिपक्यांचा थर आणि तो थर बहुतेक वेळा पीटीएफईच. काहींमध्ये सिरॅमिक असतो पण नावावरून कळत नाही. डायमंड, टायटॅनियम वगैरे पण तसंच, कठीण कण मिसळून थर टिकाऊ केलेला असतो, मूळ थर तोच.

हार्ड ॲनोडाइज्ड: ही ॲल्युमिनियमवर केलेली प्रक्रिया आहे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण पृष्ठभाग, त्यात पीटीएफई नाही. पण इथे फसायला होतं, कारण बाहेरून हार्ड ॲनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिक अशी भांडी ढिगाने विकली जातात. आतला भाग बघा. करडा, कोरडा, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत असेल तर साधा ॲनोडाइज्ड, आणि काळा गुळगुळीत असेल तर संशय घ्या.

सिरॅमिक कोटिंग: खरा असेल तर सिलिकाचा थर, फ्लोरिन नाही, पक्ष्यासाठी चालतो. दोन अडचणी. एक म्हणजे "सिरॅमिक रिइन्फोर्स्ड" असं लिहून आत पीटीएफई असू शकतं. दुसरी, याचा निसरडेपणा लवकर जातो, मोठ्या आचेने आणि तेलाचा जळका पापुद्रा बसला की अजून लवकर. मग लोक वैतागून परत जुन्याकडे वळतात.

बिनधास्त घ्यावं असं: स्टील, बीड, साधं लोखंड, कार्बन स्टील, काच, एनॅमल लावलेलं बीड. मातीचं भांडंही चालतं, चकचकीत रंगीत ग्लेझवालं असेल तर शिसं नाही ना याची खात्री करून. कल्हई केलेलं तांबं-पितळ पण चालतं, पण कल्हई २३२ अंशाला वितळते म्हणून रिकामं तापवू नका.

आणि थर उडालेला जुना नॉनस्टिक "आता कोटिंग गेलंच आहे" म्हणून वापरू नका, गेलेलं दिसतं त्याच्या कितीतरी पट बाकी असतं.

दाण्याला_दाणा
पॅनवरच थांबू नका प्लीज. मी एका पक्ष्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि आमच्याकडे येणारे लोक पॅन काढून टाकलेला असतो तरी येतात. एअर फ्रायरची बास्केट, सँडविच मेकर, वॉफल मेकर, राइस कुकरचं आतलं भांडं, ब्रेड मशीन, ओव्हनमध्ये तळाला घालतात ती काळी शीट, शेगडीखाली पसरतात ते काळे लायनर. हे सगळं तपासा. स्वतःची सफाई स्वतः करणारा ओव्हन असेल तर ते बटण विसरून जा, तो ५०० अंशांच्या आसपास जातो, आतल्या भागांना थर असेल तर तो आणि नसेल तर जळणारा तेलकट थर, दोन्हीचा धूर वाईट.

स्वयंपाकघराबाहेरचं पण आहे: काही रूम हीटर, काही हीट लॅम्पचे बल्ब (काच फुटू नये म्हणून थर देतात, कोंबड्यांच्या खुराड्यात यामुळे मरतूक झालेली आहे), इस्त्रीचा तळ, इस्त्रीच्या टेबलाचं चंदेरी कापड, काही हेअर ड्रायर.

लक्षणं सांगते. चोच उघडी ठेवून श्वास, श्वासागणिक शेपटी वरखाली, पिसं फुगवून तळाला बसणं, तोल जाणं, झटके. आणि कित्येकदा काहीच नाही, सरळ पडलेला सापडतो. शवविच्छेदनात फुप्फुसं गडद लाल, ओली, रक्ताने भरलेली असतात. दिसलं की पहिलं काम पक्षी त्या हवेतून बाहेर, गॅलरीत, जिन्यात, शेजारी, कुठेही. खिडक्या उघडणं, पॅन उचलणं हे दुसऱ्या माणसाने करावं, एकटे असाल तर आच बंद करा आणि पक्षी घेऊन निघा. चोचीत पाणी, मध, काही घालू नका, श्वासाला धडपडणाऱ्याच्या नळीत जातं. यावर उतारा नाही, दवाखान्यात ऑक्सिजन आणि सूज-पाणी कमी करायची औषधं एवढंच हातात असतं. घरी आल्यावर बरा दिसला तरी दाखवा, फुप्फुसात पाणी काही तासांनी पण भरतं.

सरळमार्गी
आमचा एअर फ्रायर ओट्यावर पिंजऱ्यासमोरच असतो. बघून येतो.

निवांत
स्टीलवर चिकटण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, मी घालतो, कारण इथेच लोक हार मानतात आणि कपाटातून परत तो काळा पॅन निघतो.

पॅन जाड बुडाचा घ्या, पातळ पॅनवर तापमान एकसारखं राहत नाही. मध्यम आचेवर रिकामा ठेवा (हे फक्त स्टील-लोखंडाला चालतं, बरं का). थोड्या वेळाने ओल्या बोटाने एक थेंब टाका. थेंब पसरून चर्र करून उडून गेला तर अजून थंड आहे. थेंब पाऱ्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळायला लागला की पॅन तयार. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते म्हणून तो तरंगतो, लायडनफ्रॉस्ट नावाच्या माणसाने १७५६ मध्ये यावर लिहून ठेवलंय. आता आच कमी करा, तेल घाला, तेलाला लाटा येताना दिसल्या की अंडं फोडा. आणि हात आवरा! अर्ध्या मिनिटात उलथनं खुपसाल तर चिकटणारच. कडा घट्ट झाल्या आणि खालून कवच धरलं की ते आपोआप सुटतं, पॅन हलवून बघा, अंडं सरकलं की वेळ झाली. ऑम्लेटला आच अजून खाली आणि लोणी जरा सढळ.

अंडं फ्रीजमधून काढून थेट टाकू नका, थोडं बाहेर ठेवा. एवढ्यावर जमतं, यात हातखंडा वगैरे काही नाही.

बजीवाली_मावशी
+१. बिडाला तर हे पण करावं लागत नाही, एकदा तयार झालं की. पण हिरवीपिसं, एक ऐक गं. बिडाचं किंवा लोखंडाचं नवीन भांडं तयार करताना तेलाचा हात देऊन चांगलं तापवावं लागतं, तेल जळून त्याचा काळा लेप बसेपर्यंत, आणि त्याचा मरणाचा धूर होतो. तुझा पाहुणा यायच्या आधीच करून ठेव. नंतर परत करायचं झालं तर भांडं उघड्यावर नेऊन, नाहीतर पक्ष्याला दुसऱ्याच्या घरी पाठवून. तेलाचा धूर कुठल्याही भांड्यातून आला तरी पक्ष्याला वाईटच. फोडणी जळाली, दूध उतू गेलं, पातेलं कोरडं पडून करपलं, सगळंच.

तुरेवाला
हे फार महत्त्वाचं. स्टील घेतलं म्हणजे वाटेल तशी मोठी आच लावायला मोकळे असं लोक समजतात. पिंजरा स्वयंपाकाच्या खोलीत नकोच, आणि इथे तर एकच खोली आहे. बेडरूम असेल तर पिंजरा तिकडे, दार लावलेलं, स्वयंपाक चालू असताना तरी नक्की. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. पण एक्झॉस्ट हा नॉनस्टिकवरचा उपाय नाही हं, काही एक्झॉस्ट हवा गाळून त्याच खोलीत परत सोडतात.

उलथनं
शिवाय खाण्यापिण्याच्या वाट्या स्टीलच्याच घ्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या नकोत. पक्षी चोचीने खरवडत बसतो आणि जस्त पोटात गेलं की तो वेगळा आजार. पिंजऱ्याची स्वस्तातली तार पण बघून घ्या.

सरळमार्गी
बघून आलो. एअर फ्रायरच्या पुस्तिकेत मागच्या पानावर बारीक अक्षरात "पीटीएफई कोटेड" लिहिलंय, खोक्यावर मात्र पानंच्या पानं हिरवी पानंफुलं. पॅन ठीक आहे म्हणत होतो त्याच्या खोक्यावर तर काहीच नाही. भाच्याला एअर फ्रायर देऊन टाकतोय, त्याच्याकडे मासे आहेत फक्त. वाद घातला त्याबद्दल रसायनवाल्यांनी राग मानू नये.

रसायनवाला
राग कसला, पाण्याचा मुद्दा तुमच्यामुळेच लिहून झाला. काचेच्या भांड्याचे आणि स्टीलच्या जाळीचे एअर फ्रायर मिळतात, हवाच असेल तर तसा बघा. मात्र पहिल्यांदा सुरू करताना आतलं तेल-ग्रीस जळतं, तेवढं गॅलरीत उरका. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन पॅन मोजायचा कोणाचा विचार असेल तर सांगून ठेवतो, चकचकीत स्टीलवर ते यंत्र खूप कमी आकडा दाखवतं, त्यावर भरवसा ठेवू नका. निवांत यांचा थेंबच बरा.

हिरवीपिसं
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट: माझ्या पॅनच्या कंपनीला रसायनवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा ईमेल केला. उत्तर आलं, "आमची सर्व उत्पादने पीएफओए मुक्त असून आपल्या कुटुंबासाठी सुरक्षित आहेत." :)

रसायनवाला
म्हणजे आहे. नसतं तर पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलं असतं.

हिरवीपिसं
तोच अंदाज होता. पॅन गेला, सँडविच मेकर पण गेला. काल थेंबाचा प्रयोग केला, पहिलं अंडं बऱ्यापैकी सुटलं, दुसऱ्याला घाई झाली. बिडाचा तवा शनिवारी गच्चीवर तयार करणार. इस्त्रीचं कळत नाहीये, तळ काळा आहे आणि कुठेच काही लिहिलेलं नाही, मॉडेल पण जुनं.

दाण्याला_दाणा
काळा आणि गुळगुळीत असेल तर थर असणारच. स्टीलच्या तळाची साधी इस्त्री घे नाहीतर कपडे बाहेर दे. टेबलाचं कापड सुती. आणि पक्षी आल्यावर आठवडाभरात एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेऊन त्यांचा नंबर आणि रात्रीचा नंबर दोन्ही फ्रीजवर चिकटव, रात्री शोधत बसायला वेळ नसतो.